दहा रुपयाला एक गेम

गणपतीत ताई माहेरी आली तर भाच्याच्या हातात नवीन यंत्र. दाजींनी ऑनलाइन मागवलेलं, साडेतीन हजाराला, चिनी माल, उभं गेमबॉयसारखं, आरपार दिसणारं जांभळं प्लास्टिक, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात १५,००० गेम. आमच्या लहानपणी बेळगावच्या वडगावात मंगाईच्या जत्रेत जे ब्रिक गेम मिळायचे त्यांच्यावर ९९९९ लिहिलेलं असायचं आणि आत विटा पडायच्या त्या विटाच, फक्त वेग वाढायचा, त्यामुळं मी आधी हसलोच. पण ह्यात खरंच होते. फोल्डरवर फोल्डर. गेमबॉय, गेमबॉय ॲडव्हान्स, पीएसपी, टीव्हीला जोडायचे ते कॅसेटवाले, सगळं एका नखाएवढ्या कार्डात.

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर पोरगा हळूच जवळ आला. पाचवीत आहे, इंग्लिश मीडियम.

"मामा, आपण फसलोय काय?"

बघतो तर कुठल्यातरी छोट्या गेमची सुरुवातीची पाटी लागलेली, इंग्लिशमध्ये, हा गेम फुकट आहे, तुम्ही ह्याचे पैसे दिले असतील तर तुम्हाला कुणीतरी फसवलंय. पोरानं ते अक्षर न् अक्षर वाचलेलं आणि मनाला लावून घेतलेलं. वर मला म्हणतोय, पप्पांना सांगू नको, त्यांना वाईट वाटंल.

मी म्हटलं बघूया. आणि दोन दिवस टाळलं. कारण ह्या विषयात मी उत्तर द्यायच्या लायकीचा माणूस आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं.

तर तो गेम होता होमब्रू. म्हणजे कंपनीनं केलेला नाही, कंपनीला विचारलेला नाही, कुणीतरी घरात बसून हौसेनं लिहिलेला आणि सोडून दिलेला. शब्द आलाय घरात केलेल्या बिअरवरनं. आपल्याकडं त्याला हातभट्टी म्हणावं लागंल, आणि हातभट्टी म्हटलं की लगेच पोलिस डोळ्यासमोर येतात, तसंच ह्या गेमचं झालंय. होमब्रू म्हटलं की लोकांना चोरीचा माल वाटतो. खरं तर दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त दोघांचं दार एक आहे. कंपनी आपल्या यंत्राला कुलूप लावते, तिची सही असलेला प्रोग्रामच चालेल असं. मला माझा स्वतःचा गेम त्यावर चालवायचा असेल तर कुठंतरी भोक शोधायला लागतंय. आणि एकदा भोक पडलं की माझ्या पाठोपाठ जगभरचे चोरीचे गेम पण तिथनंच आत शिरतात. भोक पाडणाऱ्याला नुसता होमब्रू हवा होता की नाही हे मग कोण विचारतंय.

आता माझी गोष्ट.

२००९ ला मी पीयूसी फर्स्ट इयरचा, म्हणजे अकरावीचा, पेपर देऊन मोकळा होतो. बाबा वडगावात मागावर, घरात दोन लूम दुसऱ्याचे, मजुरीवर. खडेबाजारच्या बाजूला एक मोबाइलचं दुकान होतं, नाव सांगत नाही, आता ते नाही पण, तिथं सुट्टीत लागलो. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. काम काय, तर कार्ड भरून देणं. रिंगटोन, गाणी, पिक्चर, आणि पीएसपीचे गेम. गेमला दहा रुपये. पाच घेतले तर चाळीस. मेमरी स्टिकमध्ये बसतील तेवढे. कॉम्प्युटरवर एक मोठी हार्ड डिस्क होती, ती अण्णांनी बेंगळूरहून आणलेली, आणि ती कधी पडली तर अण्णांचं हृदय थांबंल अशी परिस्थिती.

पीएसपी म्हणजे सोनीचं, जपानात २००४ च्या डिसेंबरात आलेलं. गेम यायचे यूएमडी नावाच्या छोट्या सीडीवर, प्लास्टिकच्या खोक्यात बंद. बेळगावात त्या मिळायच्याच नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि पुण्या-बेंगळूरला मिळायच्या त्यातल्या एकीत बाबांची आठवड्याची मजुरी गेली असती. मग मशीन आणायची लोकं कुठनं, तर गोव्याहून. बोटीवर काम करणारे. वास्कोला उतरायचे आणि इकडं पोरांना खेळायला द्यायचे.

जुन्या पीएसपीला आम्ही जे करायचो ते मला आजही जादूच वाटते. पँडोरा बॅटरी म्हणायचे त्याला. पीएसपीच्या बॅटरीत एक चिप असते, तिच्यात बॅटरीचा नंबर लिहिलेला असतो. तो नंबर बदलून सगळीकडं एफ एफ एफ करायचा. अशी बॅटरी घातली की मशीनला वाटतं आपण सोनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहोत, आणि ते नेहमीसारखं सुरू न होता मेमरी स्टिकवर जे असेल ते निमूट वाचायला लागतं. २००७ ला हे बाहेर आलं. मुळात ह्याचा उपयोग बंद पडलेलं मशीन जिवंत करायला. पण ज्याला जिवंत करता येतं त्याच्यात हवं ते भरता पण येतं, मग कस्टम फर्मवेअर, म्हणजे मशीनचा मूळचा प्रोग्राम हौशी लोकांनी बदललेला, बसवायचं आणि झालं, यूएमडी नसली तरी गेम चालू. गिऱ्हाइकाला वाटायचं ह्या पोराला लईच येतंय. मला पण तेच वाटायचं.

पीएसपी ३००० आलं आणि ही बॅटरी चालेना. मग २००९ च्या मे महिन्यात चिकहेन नावाचं निघालं, ती तर अजून मजा. मेमरी स्टिकवर एक फोटोंचं फोल्डर टाकायचं, टिफ जातीचे फोटो, आणि मशीनमध्ये ते फोल्डर उघडायचं. फोटो वाचता वाचता मशीन गडबडतं आणि त्या गडबडीत आपला कोड आत शिरतो. एका फटक्यात कधीच व्हायचं नाही. मशीन हँग, बॅटरी काढ, परत घाल, परत उघड, सातव्या-आठव्या वेळेला हिरवं चमकलं की सगळ्या दुकानात आनंद. आणि पूर्ण बंद केलं की सगळं पहिल्यापासनं, कारण ते कायमचं बसायचं नाही.

आणि इथंच मी माती खाल्ली. खानापूरहून एक पोरगा आलेला, माझ्याच वयाचा असेल, चुलत्यानं मस्कतहून आणलेलं ३०००, अजून स्क्रीनवरची फिल्म काढलेली नव्हती. त्याला रोज रोज ते फोटो उघडायचं झंझट नको होतं, म्हणाला कायमचं होतंय काय बघा की. मी म्हटलं बघतो. तोवर माझ्या डोक्यात हवा गेलेली. जुन्या मशीनची फाइल नव्या मशीनवर चढवली. स्क्रीन काळी, फक्त हिरवा दिवा. वीट. लोकं ब्रिक झालं म्हणतात ते खरंच वीट. आणि ३००० ला पँडोरा चालत नाही म्हटल्यावर जिवंत करायची सोय पण नाही.

अण्णांनी एक नजर टाकली आणि त्या पोराला म्हणाले, आधीच फॉल्ट होता री ह्यात, आमच्या पोरानं हात पण लावला नाही. मी तिथंच उभा होतो. काही बोललो नाही. पोरगं मशीन त्याच पिशवीत घालून गेलं, सीबीटीला, म्हणजे बसस्टँडला, शेवटची बस असंल. दहा दहा रुपयाचे किती गेम विकले त्याचा हिशोब कधी केला नाही, पण ती फिल्म न काढलेली स्क्रीन अजून आठवते. मला कुणी विचारलं पायरसीच्या धंद्यात तू काय पाप केलंस, तर मी कुठल्या जपानी कंपनीचं नाव घेणार नाही, त्या खानापूरच्या पोराचं घेईन, पण त्याचं नाव सुद्धा मला ठाऊक नाही.

असो.

बाबांना मी त्या वेळी सहज सांगितलेलं की दुसऱ्यांचे गेम कॉपी करून विकतो. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले आम्ही पण कार्डच भरतो की. ते खरंच होतं. जॅकार्डच्या मागावर साडीचा काठ येतो तो पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून. व्यापारी कुठलीतरी साडी आणायचा, दुसऱ्याच्या मागावरची, असा काठ पाहिजे म्हणायचा, मग ती भिंगाखाली धरून चौकटीच्या कागदावर उतरवायची, त्याच्यावरनं कार्ड पाडायची. डिझाइन कुणाचं, कुणी विचारत नव्हतं. पण बाबांचा एक नेम होता. काठ उतरवतील, दुसऱ्याचा शिक्का मारणार नाहीत. एकदा व्यापाऱ्यानं पावरलूमच्या साडीवर हातमागाचं लेबल लावायला सांगितलं तर बाबांनी माल अर्धवट सोडला. आई आठवडाभर बोलत नव्हती. मला तेव्हा वाटलं हे काय, नक्कल चालते आणि लेबल चालत नाही. आता वाटतंय त्यांचं गणित माझ्यापेक्षा सरळ होतं.

कायद्याचं गणित वेगळं. माझा एक वर्गमित्र इथं कोर्टात वकिली करतो, जास्ती करून मोटार अपघाताच्या केसेस, पण माणूस वाचणारा आहे. परवा कोर्टासमोर चहा प्यायला भेटलो तेव्हा म्हटलं गा, मला एकदा नीट सांग, मी कुठल्या कलमात बसत होतो. त्यानं फोनवर ॲक्टच उघडला.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, नंतर बऱ्याच दुरुस्त्या झालेला. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यकृती धरलंय, म्हणजे कायद्याच्या फळीवर विटा पडणारा गेम आणि कादंबरी शेजारी शेजारी. लेखक जिवंत असेपर्यंत आणि पुढं ६० वर्षं हक्क. म्हणजे १९८९ च्या गेमबॉयवरचा गेम सुटा व्हायला माझा भाचा म्हातारा व्हावा लागंल. कॉपी करून विकणं हे कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं आत, आणि ५०,००० ते दोन लाख दंड. मित्र म्हणाला, तुला हे एकच पुरलं असतं. मग त्यानं पुढचं वाचलं ते मला ठाऊकच नव्हतं. ६३-बी. प्रोग्रामची चोरीची प्रत आहे हे माहीत असून नुसती वापरली तरी कमीत कमी सात दिवस जेल, जास्तीत जास्त तीन वर्षं. धंद्यासाठी नसेल तर कोर्टाला कारण लिहून जेल टाळता येतं, ५०,००० पर्यंत दंडावर भागतं. म्हणजे आता भाच्याला मी सांगितलं की हे चोरीचं आहे, तर त्या क्षणापासनं त्याला "माहीत असून" लागू! न सांगितलेलंच बरं असं क्षणभर वाटलं. (मित्र म्हणाला पाचवीतल्या पोराला कोण धरतंय, चहा पी.)

गंमत म्हणजे होमब्रूवाल्याला हाच कायदा बऱ्यापैकी जागा देतो. कलम ५२ मध्ये काय काय केलं तर कॉपीराइटचा भंग होत नाही त्याची लांबलचक यादी आहे. प्रोग्राम कायदेशीरपणे ज्याच्याकडं आहे त्यानं तो हरवू नये, बिघडू नये म्हणून बॅकअप केला तर चालतंय. दोन प्रोग्रामनी एकमेकांशी जुळवून घ्यावं म्हणून लागणारी माहिती बाहेर कुठं सहज मिळत नसेल तर ती काढायला जे करावं लागेल ते चालतंय. प्रोग्राम कसा चालतो हे बघायला, अभ्यासायला, तपासायला चालतंय. स्वतः रीतसर घेतलेल्या प्रतीवरनं स्वतःसाठी, धंदा न करता, कॉपी केली तर चालतंय. २०१२ मध्ये ६५-ए घातलं, कुलूप तोडणाऱ्यासाठी, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पण तिथं पण शब्द असा आहे की हक्कांचा भंग करायच्या उद्देशानं तोडलं तर. उद्देश. आमचा वकील त्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला, ह्याच्यावर मी दहा वर्षं केस चालवतो बघ.

अमेरिकेत तसं नाही. तिकडं १९९८ चा डीएमसीए आहे, कुलूप तोडणं हेच मुळात बेकायदेशीर, मग दर तीन वर्षांनी कशाकशाला सूट द्यायची ते ठरतं. २०१० ला फोनला सूट मिळाली, २०१२ ला गेमच्या कन्सोलसाठी मागितली तर नाही म्हणाले. मोबाइलचं कुलूप तोडलं तर चालतंय, तसल्याच चिपच्या कन्सोलचं तोडलं तर नाही. कारण तेच, एक दार.

आणि हे दार बंद करायचं की नाही ह्यावर कोर्टात जे झालंय ते वाचलं की मला दोन्ही बाजू पटतात, हीच अडचण आहे. निन्टेन्डो डीएसला आर४ नावाचं कार्ड यायचं, त्यात मेमरी कार्ड घालायचं आणि हवं ते चालवायचं. टोकियोच्या कोर्टानं २००९ ला विक्री बंद केली. २०१० ला इंग्लंडच्या हायकोर्टात विकणाऱ्याचा एक बचाव होता की ह्याच्यावर होमब्रू पण चालतं. कोर्ट म्हणालं, चांगल्या कामाला वापरता येतंय हा बचाव होत नाही. मला वाईट वाटलं, पण मी आठवून बघितलं, आमच्या दुकानात शेकडो गिऱ्हाइकं आली, त्यातलं एक तरी होमब्रू मागायला आलेलं काय? एक पण नाही. पीएसपीवर होमब्रू काय कमी होते काय, पुस्तक वाचायचे, जुन्या कन्सोलची नक्कल करून त्यांचे गेम चालवणारे एम्युलेटर, पोरांनी लिहिलेले गेम, सगळं आमच्या हार्ड डिस्कवर एका कोपऱ्यात होतं, अण्णा त्याला "सुम्ने", म्हणजे कन्नडमध्ये उगाच, फोल्डर म्हणायचे, कुणाला दहावर एक सुटा द्यायचा असेल तर त्यातनं.

ह्याच्यात काही माणसं मला फार भावली. पीएसपीवरच, २०१० च्या सुमारास, हाफ बाइट लोडर नावाचं निघालं. त्यात होमब्रू चालायचे पण गेमच्या पूर्ण कॉप्या चालायच्या नाहीत, आणि ते करणाऱ्यांनी मुद्दाम तसंच ठेवलेलं. त्यांना लोकांनी शिव्या घातल्या. आम्ही पण घातल्या, ह्याचा काय उपयोग, आयएसओ (त्याच पूर्ण कॉप्या) चालत नाही म्हणून! आता कळतंय की दार एकच असलं तरी दारात उभं राहून तू ये आणि तू नको म्हणता येतं, पण त्याला जिगर लागते आणि बदल्यात कुणी कुंदा घेऊन येत नाही.

आता कुणी म्हणेल गरीब पोरं होती, घेऊच शकत नव्हती, मग कंपनीचं नुकसान कसलं. हेच मी स्वतःला सांगायचो. अर्धं खरं पण आहे, माझ्यासारख्यानं यूएमडी घेतलीच नसती. पण बोटीवरचा गडी, ज्याच्या मनगटावर माझ्या वर्षाच्या फीएवढं घड्याळ, तो पण आमच्याकडं पाच गेमचे चाळीस देऊन जायचाच की. आणि अण्णांनी त्याच पैशानं दुकान वाढवलं. गरिबाचं कारण पुढं करून धंदा दुसराच करत होता. आज मी उद्यमबागेत सीएनसी प्रोग्रामिंग करतो, तिथं कुठल्या शॉपमध्ये सॉफ्टवेअर कुठनं आलंय ह्यावर लिहायला बसलो तर माझीच नोकरी जाईल, तेव्हा ते राहू दे.

बाकी जे गेम आता विकतच मिळत नाहीत त्यांचं काय, तिथं मात्र मला अजिबात पश्चात्ताप होत नाही. पीएसपीवरनंच काही विकत घ्यायची उरलीसुरली सोय सोनीनं २०२१ च्या जुलैत बंद केली. निन्टेन्डोनं ३डीएसचं दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं. त्या दुकानांत पैसे घ्या म्हटलं तरी घेणारा नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं त्याच वर्षी एक पाहणी केली, अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात रीतसर मिळतच नव्हते. कागदावर चोरी आहे, असू दे. ज्याचं दुकान बंद, गोदाम बंद आणि मालक बोलत नाही, त्याचा माल कुणी जपून ठेवला तर मी त्याला चोर म्हणणार नाही. फक्त त्यानं तो परत विकू नये.

माझा स्वतःचा होमब्रू पण आहे. हसू नका.

लॉकडाऊनमध्ये शॉप बंद होतं तेव्हा सुचलं. नाव "गेट पडलं". टिळकवाडीत राहिलेल्याला सांगायला नको, रेल्वेचं पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, घाईच्या वेळेला बरोबर आपण पोचलो की गेट पडायचं. तर गेममध्ये एक स्कूटरवाला, डिकीत दुधाची पिशवी, त्यानं तिन्ही गेट पडायच्या आत पार करायची. केला गेमबॉयसाठी, कारण सगळ्यात साधं. स्क्रीन १६० बाय १४४ ठिपके, चार छटा, संपलं.

साधं म्हणजे इंग्लिशवाल्याला साधं. गेमबॉय सगळं आठ बाय आठच्या चौकटीत काढतो, एका चौकटीत एक अक्षर, ए बी सी डी ऐटीत बसतात. आता तिथं "गेट" लिहून दाखवा. ग वर मात्रा, ती शिरोरेघेच्या वर, शिरोरेघ एका चौकटीतनं दुसरीत न तुटता गेली पाहिजे, "पडलं" चा अनुस्वार वर, कुठं उकार आला तर खाली. आठ ठिपक्यात हे बसत नाही. सोळा घेतले. म्हणजे एका अक्षराला चार चौकटी, आणि चौकटी ठेवायला एकूण जागा ३८४ ची, त्यात स्कूटर, रेल्वे, गेट, म्हैस (म्हैस पाहिजेच) सगळं. शेवटी अक्षरांचा नाद सोडला आणि शब्दच्या शब्द चित्र म्हणून काढले. मागावर काठ उतरवतात तसं, चौकटीच्या कागदावर. बाबांनी बघून "पडलं" मधला ड सुधारून दिला.

मग कन्नडमध्ये करायचं ठरलं, कारण मित्रांतले निम्मे कन्नडवाले. "गेट बित्तु". कन्नड अक्षरं गोल आणि त्यात "त्तु" चा दुसरा त खाली लोंबतो, ओत्तक्षर, त्यामुळं सोळा पण पुरेनात. तो शब्द तेवढा चोवीस उंचीचा आहे. आणि हे होतंय तोवर खरा बेळगावी प्रश्न आला, सुरुवातीला भाषा निवडायची पाटी लागते त्यात वर कुठली? मराठी वर ठेवली तर एक गट बोलणार, कन्नड वर ठेवली तर दुसरा, शेजारी शेजारी ठेवल्या तर डावीकडं कुठली. आपल्या गावात दुकानाच्या बोर्डावर काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी गेमात तेच घेऊन बसू काय. शेवटी सुचलं. गेमबॉयमध्ये एक आकडा सतत धावत असतो, सेकंदाला १६,३८४ वेळा. आधी नुसती स्कूटर दाखवायची, स्टार्टचं बटण ज्या क्षणी दाबलं त्या क्षणी तो आकडा सम असेल तर मराठी वर, विषम असेल तर कन्नड वर. ज्याला तक्रार असेल त्यानं आपल्या अंगठ्याला विचारावं.

अजून एक गंमत ह्यात कळली. गेमबॉय चालू केला की वरनं कंपनीचं नाव खाली सरकत येतं ना, ते नाव मशीनमध्ये असतं आणि कॅसेटमध्ये पण असतं, ४८ बाइट, आणि दोन्ही जुळले नाहीत तर मशीन पुढं जातच नाही. म्हणजे माझ्या गेटच्या गेममध्ये, जो मी माझ्या घरात, माझ्या म्हशीसकट केलाय, त्यात पण निन्टेन्डोचा शिक्का घालावाच लागतो, नाहीतर खऱ्या मशीनवर चालणार नाही. म्हणजे बाबा जे आयुष्यभर करणार नाही म्हणाले तेच. सेगानं त्यांच्या कन्सोलमध्ये असलीच युक्ती केलेली, आणि १९९२ ला अमेरिकेच्या कोर्टानं अकोलेड नावाच्या कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, की तुम्हीच नाव घातल्याशिवाय चालणार नाही असं मशीन केलंय, मग दुसऱ्यानं घातलं म्हणून त्याला कसं धरता. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, मग शिक्का त्यांनीच जबरदस्तीनं मारून घेतलाय की.

गेम फुकट टाकला इंटरनेटवर. आजपर्यंत डाउनलोड ४१. त्यातले सात मी, वेगवेगळ्या फोनवरनं.

तर आता भाच्याचं यंत्र. विसर्जनाच्या आदल्या रात्री पोरं झोपल्यावर मी ते कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. १५,००० काही नव्हते, एकच गेम जपानी, अमेरिकन, युरोपचा असा तीन-तीनदा धरलेला. त्यात हौशी लोकांचे होमब्रू पण मिसळलेले, ज्यांनी कुणाकडनं एक पैसा घेतला नाही अशांचे. आणि हे गेम चालवणारे एम्युलेटर, ते पण असेच कुणीतरी वर्षानुवर्षं रात्री जागून लिहिलेले. स्नेसनाइनएक्सचं उदाहरण घ्या, त्याच्या लायसन्समध्ये सरळ लिहिलंय की धंद्यासाठी वापरू नका. इथं साडेतीन हजाराच्या डब्यात बसलाय. म्हणजे मोठ्या कंपनीचा माल मारलाय तो मारलाय, पण ज्या बिचाऱ्यानं फुकट वाढलेलं, त्याच्या ताटातलं उचलून तेच परत विकलंय. पोरानं विचारलेलं आपण फसलो काय. दाजींना साडेतीन हजारात हार्डवेअर चांगलं मिळालंय, ते फसले नाहीत. फसला असेल तर तो पाटी लिहिणारा.

आणि हे सगळं बघता बघता मी काय केलं असेल? सर्चमध्ये "गेट" टाइप केलं. इंग्लिशमध्ये, दोन-तीन स्पेलिंगनी. मग फोल्डर उघडून हातानं बघितलं. नाही. एवढ्या पंधरा हजारात माझा गेम कुणी चोरलेला नाही. खरं सांगतो, थोडं लागलं.

सकाळी भाच्याला सांगितलं. की हा तुला आवडलेला गेम ज्यानं केला त्यानं फुकट दिलेला, विकणाऱ्यानं त्याला न विचारता डब्यात घातला, आणि बाकीचे मोठे गेम तर असेच उचललेले आहेत. आणि मामा पण तुझ्यापेक्षा थोडा मोठा असताना हेच करून पैसे मिळवायचा. तो म्हणाला, मग हे परत द्यायचं काय? मी म्हटलं कुणाला देणार. तो म्हणाला, तो पाटीवाला गेम ज्यानं केलाय त्याला सांगूया तरी. त्याच्या पानावर जाऊन आम्ही दोघांनी मिळून दोन ओळी लिहिल्या, इंग्लिश त्याचं, माझ्यापेक्षा बरं आहे. अजून उत्तर नाही.

मग मी "गेट पडलं" त्याच्या कार्डात घातला. स्कूटर आली. त्यानं स्टार्ट दाबलं, कन्नड वर आलं, खाली मराठी. तो दोन्हीकडं बघत बसला. शाळेत कन्नड आहे, घरात मराठी आहे, दोन्ही वाचायला येतंय त्याला, सावकाश.

"मामा, इंग्लिश नाही काय ह्यात?"